रकाना चौथा: परवा

डॉ. श्रीनिवास उकिडवे यांची विज्ञानकथा दिवाळी अंकात छापून आली की ती अमलात आणावी लागते, आणि त्यासाठी आमच्या संस्थेत एक कक्ष आहे. कक्षात माणसं दोनच: अधिकारी रणपिसेबाई आणि कारकून मी, हळबे.

उकिडवे मुळात शास्त्रज्ञ. अतिथंडीत धातू कसे वागतात यावर त्यांनी तीस वर्षं काम केलं, बासष्ट शोधनिबंध लिहिले. त्यातल्या एकाही ओळीसाठी कुणाला जागचं हलावं लागलं नाही. कथांचं तसं नाही. पहिल्याच कथेत त्यांनी पृथ्वीला दुसरा चंद्र दिला आणि तो त्याच कार्तिकात उगवला. लोक म्हणाले, बोलाफुलाला गाठ पडली. संकष्टीला कोणता चंद्र धरायचा हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. दुसऱ्या कथेतली झाडं बोलायला लागली तेव्हा संस्थेला कक्ष उघडावा लागला. झाडं अजूनही बोलतात, पण तक्रारीच सांगतात, त्यामुळे कुणी थांबत नाही.

कामाची पद्धत सोपी आहे. अंक हातात आला की मी कथा वाचतो आणि पत्रक भरतो. कोण, काय, कुठे, कधी, असे चार रकाने. उपमा आणि निसर्गवर्णनं आम्ही वगळतो. रणपिसेबाई शिक्का मारतात. शिक्का पडला की घडतं.

पाच वर्षांपूर्वीच्या कथेत एका शास्त्रज्ञाची बायको यानात बसून दूरच्या वस्तीवर निघून जाते. उकिडव्यांनी तिला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की वाचक ओळखीतलं कुणी शोधत बसतात, असं त्यांचं मत. मी पहिल्या रकान्यात 'शास्त्रज्ञाची बायको' असं लिहिलं. कुठल्या शास्त्रज्ञाची, ते कथेत नव्हतं, तेव्हा नियमाप्रमाणे लेखकाचीच धरली. कुमुदिनीबाई गुरुवारी दुपारी गेल्या. गॅसवर कुकर होता, तो शेजारच्या पेंडसेवहिनींनी उतरवला.

मला त्याचं वाईट वाटलं. आजही वाटतं. पण रकाना कोरा ठेवायची आमच्याकडे सोय नाही.

त्यानंतर चार दिवाळ्या उकिडव्यांनी काही लिहिलं नाही. संपादकांचे फोन यायचे, हे उचलायचे नाहीत. यंदा त्यांनी लिहिलं. कथा एवढीच, की बायको परत येते.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वेळी कथेत 'कुमुदिनी श्रीनिवास उकिडवे' असं पूर्ण नाव होतं, घरचा पत्ता होता, जिना आणि मजलासुद्धा होता. फक्त एक वाक्य मला खटकलं. नायिका वस्तीवरून निरोप पाठवते: 'दार उघडं असेल तर राहीन. कुलूप असेल तर त्याच यानाने परत जाईन.'

"हे कशाला घातलंत, सर?" मी विचारलं.

"यानाला गच्चीवर ताटकळत ठेवता येत नाही, हळबे. आणि वस्तीवर इंधन एकाच फेरीपुरतं आहे. विज्ञान सोडून कसं लिहू?"

"आपल्या बायकोसाठीसुद्धा नाही?"

"त्यात काय अवघड आहे? दार उघडं ठेवायचं एवढंच ना," ते म्हणाले.

सोमवारी ते सकाळी दहालाच अंक घेऊन आले. रणपिसेबाई रजेवर होत्या. उकिडवे बाहेरच्या बाकावर बसून राहिले. मंगळवारी बाईंना बैठक होती, तरीही ते बसून राहिले. मी म्हटलं, "घरी जा सर. तुमचं प्रकरण आलं की फोन करतो."

"घरी जाऊन काय करू?" ते म्हणाले.

बुधवारी बाई आल्या आणि मी पत्रक भरायला घेतलं. तीन रकाने सरळ भरले. चौथ्याशी घोडं अडलं. कथेच्या शेवटी सोसायटीचा रखवालदार विचारतो, "बाईसाहेब कधी?" आणि नायक एकच शब्द बोलतो, "परवा." तिथे कथा संपते. उकिडव्यांना हा शेवट फार आवडला होता.

"शुक्रवार लिहू का?" मी बाईंना विचारलं.

"नको. कथेत वार नाही. कथेत नसलेलं पत्रकात भरलंत की काय होतं, ते एकदा पाहिलंय मी."

त्यांचं बरोबर होतं. मी 'परवा' लिहिलं. बारा वाजता शिक्का पडला. उकिडव्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, आणि मग पडदे धुवायचे आहेत म्हणून घाईने घरी गेले.

तीन वाजता ते परत आले. बरोबर पेंडसेवहिनी होत्या. उकिडव्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"यांना सांगा," ते वहिनींना म्हणाले.

"अहो, मी सहज बोलले," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, परवा कुमुदिनीवहिनी येऊन गेल्या, भेट झाली का? सोमवारी, अकराच्या सुमाराला. गच्चीवर यान उतरलं, त्या जिन्याने खाली आल्या. दाराला कुलूप. दोनदा ओढून पाहिलं त्यांनी. मी म्हटलं, या, चहा तरी घ्या. तर म्हणाल्या, थांबता येत नाही हो."

"मग सोमवारी संध्याकाळी जिन्यात भेटलात तेव्हा का नाही बोललात?" उकिडव्यांनी विचारलं.

"तेव्हा कुठे आल्या होत्या? आज बारा वाजता सोमवारी आल्या ना."

रणपिसेबाईंनी पत्रक मागवलं. चष्मा लावून चौथा रकाना वाचला.

"परवा," त्या म्हणाल्या. "दोन निघतात. परवाचा सोमवार आणि परवाचा शुक्रवार. दोन दिवस निघाले की आधी येतो तो घ्यायचा, असा नियम आहे. सोमवार आधी येतो."

"बाई, ती विज्ञानकथा आहे!" उकिडवे ओरडले. "पुढचंच असणार ना त्यात!"

"शब्दात तसं नाहीये, डॉक्टर."

"दुसरं पत्रक भरा. मी नवी कथा लिहितो. आत्ता लिहितो, इथे बसून."

"लिहा की. पण वस्तीवर इंधन एकाच फेरीचं आहे असं तुम्हीच लिहिलंय, आणि तेही अमलात आलंय." बाईंचा आवाजही खाली आला होता. त्या वाईट नाहीत.

उकिडव्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सोमवारी अकरा वाजता मी कुठे होतो हो, हळबे?"

"इथेच, सर. बाकावर."

ते तिथेच रडले. तोंडावर हात न घेता रडले. माझ्या हातची दोन पत्रकं आणि एकाच माणसाची दोनदा माती. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

प्रकरण बंद करायला लेखकाची सही लागते. शुक्रवारी मी फाइल घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार सताड उघडं होतं. पडदे धुतलेले होते. उकिडवे दारासमोर खुर्ची टाकून बसले होते.

"सर, त्या येऊन गेल्यात," मी म्हटलं.

"माहीत आहे मला. बसा."

मी बसलो. पेंडसेवहिनींनी पोहे पाठवले, ते दोघांनीही खाल्ले नाहीत. जिन्यात पाऊल वाजलं की ते ताठ व्हायचे. इस्त्रीवाला आला, गॅसवाला आला. सहापर्यंत दुसरं कुणी आलं नाही, कारण यायचं ते येऊन गेलेलं होतं.

सहा वाजता त्यांनी फाइल मागितली. सही केली. खाली लेखकाच्या अभिप्रायाची जागा असते. बहुतेक वेळा ते तिथे 'समाधानकारक' असं लिहीत. या वेळी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'मी घरी नव्हतो.'

शनिवारी प्रकरण निकाली निघालं.