उघडून बघणारे दत्तूकाका

नादुरुस्त वस्तू दिसली की दत्तूकाकांचा हात खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे जातो. वस्तू चांगली चालत असली तरी जातो.

म्हसळ्याला आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून. आमचा मिक्सर त्यांनी उघडला तेव्हा त्याला काहीही झालेलं नव्हतं. "उघडल्याबिगर कळत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परत जोडल्यावर दोन स्क्रू उरले. "कंपनीवाले जास्तीचे लावतात," म्हणाले. तेव्हापासून मिक्सर नुसता ओरडतो, वाटत काही नाही.

मालूकाकी म्हणायच्या, "नशीब माझं, मला स्क्रू न्हाईत."

गेल्या पावसाळ्यानंतर काकींच्या उजव्या हातातून भांडी सुटायला लागली. एकदा सुपारी कातरताना अडकित्ता पडला, आणि त्याच्यामागोमाग काकी. गाडी माझी, म्हणून नवी मुंबईच्या इस्पितळात मीही सोबत गेलो. फोटोत मेंदूत खोलवर गाठ दिसली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, "गाठ कसली आहे ते तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. कवटीला बारीक भोक पाडून सुई घालू."

"भोक? मंग आतलं दिसंल कसं? सगळं उघडा की!"

"एवढं खोल उघडत गेलो तर वाटेतलं चांगलं बिघडेल, काका." त्यांनी पडद्यावर एक रेघ दाखवली. "डोकं हलू नये म्हणून त्याला धातूचं कडं घट्ट बसवून पुन्हा फोटो काढायचे. सुई कुठून न्यायची, किती खोल न्यायची, ते त्यावरून ठरतं."

काका रेघेकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "या वाटंवर हिचं काय काय लागतं?"

"शक्यतो काही लागू नये अशीच वाट धरणार आहोत. रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा राहतोच."

"करा," काका म्हणाले. "पर हळू."

काकींना आत नेलं तेव्हा आम्ही बाहेर बसलो. काकांची खुर्ची खिळखिळी होती, हलली की कुरकुरायची. त्यांनी तिला हात लावला नाही. आवाज होऊ नये म्हणून अंग आवळून बसून राहिले.

सुई नीट गेली, नीट आली. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा निघाला. अहवालात मात्र गाठ वाईट जातीची निघाली, काढता न येणारी. किरणांचे शेक दिले आणि काकींना घरी आणलं.

पुढे त्यांचे शब्द जायला लागले. पाणी हवं असलं की 'खिडकी' म्हणायच्या. काका तांब्या आणून द्यायचे.

परवा मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. आतून काकींनी हाक मारली, "कोंबडी! ओ कोंबडी!"

मला हसू आलं, ते मी गिळलं. काका गुडघ्यावर हात टेकून उठले.

"मला बोलावतेय," म्हणाले. "काल मी चूल व्हतो."

आणि "आलो गं, आलो," म्हणत आत गेले.