केरोबा अस्वलाची सायकल डोंगरावर जाते

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात राजा वाघ होता, पण सगळे चालायचे रेल्वेच्या वेळापत्रकावर. त्या जंगलात केरोबा नावाचं एक अस्वल राहायचं. वय पन्नास. पोट त्याहून थोडं पुढे.

एकदा केरोबानं भर पाणवठ्यावर जाहीर केलं, "येत्या शुक्रवारी मी रेल्वेनं निळ्या डोंगरावर जाणार. आणि डोंगरावर सायकल चालवणार."

शेजारचं तरस हसलं. तसं ते नेहमीच हसतं, पण त्या दिवशी लोळून हसलं. केरोबाला ते फार लागलं. आता जाणं भाग होतं.

त्यानं जाड टायरांची, एकवीस गिअरची सायकल आणली. एकवीसही गिअरांची माहिती त्यानं तोंडपाठ केली. लागत मात्र एकही नव्हता. हेल्मेट कानांमुळे डोक्यावर बसेना, म्हणून त्याची बायको अनसूया हिनं हेल्मेटलाच दोन मोठी भोकं पाडली.

"कानांची सोय झाली," ती म्हणाली. "डोक्याचं तुमचं तुम्ही बघा."

"रेल्वेत सायकल अशी उघडी घेत नाहीत," साळिंदर म्हणालं. ते स्वतःहून मदतीला आलं होतं. "पॅडल काढायची, हँडल वळवायचं आणि सगळं गोणपाटात शिवायचं. सुया माझ्याकडे आहेत."

सुया खरोखरच पुष्कळ होत्या. शिवण फार सुरेख झाली. दोन्ही टायर मात्र बसले.

"हवा मुद्दाम काढली," साळिंदर घाईघाईनं म्हणालं. "तेवढंच वजन कमी."

"आणि पाना?"

"तो आत शिवलाय. हरवायला नको."

शुक्रवारी केरोबा दोन तास आधी स्टेशनावर पोचला. पार्सल ऑफिसात कासव बसलं होतं. त्यानं चष्मा पुसला, गोणपाटाभोवती एक फेरी मारली. त्यातच पाऊण तास गेला.

"पेट्रोल काढलंय का?" कासवानं विचारलं.

"सायकल आहे ही. सायकलला पेट्रोल नसतं."

"मग काढलंय असं लिहून द्या."

"नसलेलं कसं काढणार?"

"असलेलं काढायला सुद्धा लोकांना जमत नाही, अस्वलराव. तुमचं सोपं आहे. लिहा."

केरोबानं लिहून दिलं. तीन प्रतींत सह्या केल्या. सायकलीला चिठ्ठी लागली, शिक्का बसला, पावती मिळाली. गाडी आली. हमालांनी सायकल मालडब्यात चढवली. केरोबा समाधानानं डब्याच्या पायरीवर चढला.

दारात पांढरा कोट घातलेला बगळा उभा होता. "तिकीट?"

केरोबानं पावती पुढे केली.

"हे सायकलचं झालं. तुमचं?"

केरोबानं डावा खिसा पाहिला. उजवा पाहिला. हेल्मेटच्या भोकांतून बोटं घालून पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं, की गेला आठवडाभर त्यानं सगळं सायकलचंच केलं होतं.

शिटी झाली. गाडी सुटली. फलाटावर हात हलवत उभा असलेला केरोबा सायकलला पोचवायला आलेल्या नातेवाइकासारखा दिसत होता.

तो मागच्या वाटेनं घरी आला.

"सगळं अगदी आठवणीनं केलं गं," तो म्हणाला.

"स्वतःला सोडून," अनसूया म्हणाली आणि तिनं पान वाढलं.

तीन दिवस केरोबा मधाच्या रांजणामागे लपून राहिला. रडू यायचं, पण मोठ्यानं रडता यायचं नाही. पलीकडेच तरस राहायचं.

तिकडे डोंगरावर काय झालं, ते ऐका. सायकल उतरली, मालक उतरला नाही. तिथल्या रानशेळ्यांनी एक दिवस वाट पाहिली. मग गोणपाट उसवलं, पॅडल बसवली, टायर दुरुस्त केले आणि सायकलवरून दोन सुळके पालथे घातले. सोमवारी त्यांनी ती परतीच्या गाडीत चढवून दिली. धुवायचं राहून गेलं.

चिखलानं माखलेली ती सायकल स्टेशनावर उतरली आणि जंगलभर बातमी पसरली. केरोबा आला! ढोल वाजवत सगळे त्याच्या दाराशी जमले. खुद्द वाघमहाराज आले. काय गलका आहे म्हणून केरोबा बाहेर डोकावला, तोच गळ्यात हार पडला.

केरोबा मुळात सरळ प्राणी. त्याला ते सहन होईना.

"महाराज," तो म्हणाला, "मी डोंगरावर गेलोच नाही."

वाघानं डोळे पुसले.

"ऐकलंत?" वाघ गदगदून म्हणाला. "एवढा डोंगर चढला आणि म्हणतो, मी गेलोच नाही! याला म्हणतात विनय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तसं नव्हे हो! मी घरीच होतो. रांजणामागे."

"मनानं घरीच होता! सुळक्यावरसुद्धा संसार विसरला नाही!"

अनसूयेनं कपाळाला हात लावला. तरस पहिल्यांदाच रडताना दिसलं. वाघानं हात वर करून हुकूम सोडला, "पुढच्या वर्षी केरोबा आपल्या सगळ्यांना सायकलवरून निळ्या डोंगरावर नेईल!"

केरोबा होता तिथेच खाली बसला.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी खरं बोलावं. फक्त ते गळ्यात हार पडायच्या आत बोलावं. त्यानंतर कितीही खरं बोललं तरी कोणी विश्वास ठेवत नाही.