पळसाच्या पानांचा पुना

माणसाला पूर्वज निवडता येत नाहीत, असे म्हणतात. असे म्हणणाऱ्याने जळगाव जिल्हा नीट पाहिलेला नसावा. आमच्याकडे पूर्वज निवडता येतात, बदलून मिळतात आणि अडचणीचे झाल्यास जिवंतपणी जाळताही येतात. शेवटची सोय फार जुनी आहे. तिच्याबद्दल ओघाने येईलच.

सध्या मागणी आहे ती काळ्या पाण्यावर गेलेल्या पूर्वजाला. एके काळी असा पूर्वज निघाला की ठरलेली सोयरीक मोडत असे. आता तो निघाला की सोयरीक जुळते. (मागणी एवढी वाढली आहे, की इंग्रजांनी त्या काळी आमच्या भागात शिक्षा देताना हात फारच आखडता घेतला, अशी तक्रार लोक उघडपणे करतात.)

आमचे गाव सावद्याच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यात आहे. गावाला दोन वर्षांपूर्वी कमान झाली. कमान देखणी आहे. तिच्याखालून केळीचा भरलेला ट्रक जात नाही, तो शेजारच्या शेतातून वळसा घेतो. परंतु कमान ही जाण्यायेण्यासाठी असते हा गैरसमज आहे. कमान नाव लिहिण्यासाठी असते. आणि आमच्या कमानीवर नावच नव्हते. सुचवलेल्या प्रत्येक थोर पुरुषाला कोणी ना कोणी ओळखत होते, त्यामुळे प्रत्येक नावाला हरकत येत होती. अखेर ग्रामसभेने सुज्ञपणे ठरवले, की ज्याला गावातल्या कोणीही पाहिलेले नाही अशाच माणसाचे नाव द्यावे.

तेव्हा प्रेमराज आबा बोंडे उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या घरचा पुना काळ्या पाण्यावर गेलता.”

आबांचे वय सत्तरीपुढे. आजवर त्यांच्या घरात पुनाचे नाव काढायची बंदी होती. लहानपणी आबांनी एकदा विचारले, तेव्हा आजोबांनी कानाखाली दिली होती. तोच पुना कमानीवर चढायला निघालेला पाहून गाव भारावून गेले.

आता पुनाची हकीकत. ती थोडकी आहे. साधारण एकशे चाळीस वर्षांपूर्वी पुना बोंडे याने आपल्या चुलतभावाला कुऱ्हाडीने मारले. कारण बांध. चुलतभावाने बांध एक हात सरकवला होता, असे पुनाचे म्हणणे. पुनानेच तो आधी सरकवला होता, असे चुलतभावाचे म्हणणे असावे. पण ते ऐकून घ्यायला कोणी उरले नाही. पुनाला जन्मठेप, काळे पाणी. बांध अजून आहे. त्याच्या एका अंगाला आबांची केळी आणि दुसऱ्या अंगाला त्या चुलतभावाचे वारस नवल नाना यांची. दोन्ही घरांत बोलणे नाही. बांध मात्र दोन्हीकडे येऊन-जाऊन असतो.

एवढ्या सामग्रीतून देशभक्त तयार करणे हे काम कोणा येरागबाळ्याचे नव्हे. आबांनी अमळनेरहून मगन सरांना बोलावले. मगन सर निवृत्त आहेत आणि पूर्वज या विषयात धुळ्यापासून रावेरपर्यंत त्यांचा शब्द शेवटचा मानतात. त्यांची पद्धत शास्त्रीय आहे. गुन्हा सांगा, ते त्यातला देश काढून देतात. बैल चोरले असतील, तर ती परकीय सत्तेच्या वाहतुकीवर घातलेली धाड. गंजी पेटवली असेल, तर क्रांतीची मशाल. दारूच्या नशेत जमादाराला मारले असेल, तर विचारूच नका. अशा पूर्वजाला चौक कमी पडतो, त्याला बस स्थानक लागते.

“पन सर, ह्येनं भावालेच मारलं,” आबा म्हणाले.

“आबा, काळजी नका करा. बठ्ठं बसाडी देसू,” सर अहिराणीत म्हणाले, म्हणजे सगळे बसवून देऊ. “बांध कोना? मोजनी कोनी करी? इंग्रजनी. मंग तो बांध इंग्रजना शे.”

अशा रीतीने पुनाने परकीय बांधाविरुद्ध शस्त्र उचलले. यात मेलेला चुलतभाऊ ओघानेच इंग्रजांचा हस्तक ठरला. ही बातमी नवल नानांना कळली तेव्हा ते बांधावर येऊन मोठ्याने म्हणाले, “आमचा मानूस मारला तो मारला, वरतून फितूर बी आमचाच? कमानीवर त्याचं नाव चढलं तं मी कमानीखाले आडवा होईन.” ट्रक तसाही कमानीखालून जात नसल्याने या धमकीत जोखीम नव्हती.

मगन सरांनी एक गोष्ट अट म्हणून सांगितली. नुसता पूर्वज चालत नाही, त्याला तिकडचा वंशज लागतो. वंशज असला की फीत कापता येते, फोटो निघतो, आणि पूर्वज बनावट आहे असे म्हणायला कोणी धजत नाही. त्यांनी पोर्ट ब्लेअरच्या जुन्या कुटुंबांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर पुनाचे नाव आणि गाव टाकले. संध्याकाळच्या आत उत्तर आले.

हेमलता बोंडे. वय सत्तर, निवृत्त शिक्षिका. पुना त्यांचा पणजोबा. काही वर्षांनी त्याला तिकडे सुटे राहायची परवानगी मिळाली, त्याने एका कैदी बाईशी लग्न केले, नारळ लावले, केळी लावली आणि म्हातारा होऊन अंथरुणावर मेला. त्या घरात आता कोणाला मराठी येत नाही. पण दरवर्षी अक्षय्य तृतीयेला त्यांच्याकडे मातीची घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात आणि निखाऱ्यावर गोडाचा घास टाकतात. का टाकतात, ते कोणी सांगू शकत नव्हते. त्या दिवसाला ते ‘आखाजी’ म्हणतात. हा शब्द कोणत्या भाषेतला, हे हेमलताबाई चाळीस वर्षे लोकांना विचारत होत्या.

फोनवर त्यांनी यायचे कबूल केले आणि एवढेच सांगितले, “मुझे कुछ नहीं चाहिए। आखाजी पे उनके घर में बस एक बार उनका नाम ले लीजिए। वो बोल के गए थे।”

आबांनी फोन ठेवला आणि पाणी मागितले.

खानदेशात ‘मुझे कुछ नहीं चाहिए’ या वाक्याचा अर्थ शेंबडे पोरसुद्धा जाणते. ज्याला खरोखर काही नको असते तो असे बोलत नाही, कारण तो येतच नाही. एवढ्या लांबून, समुद्र ओलांडून, विमानाचे तिकीट काढून माणूस नाव ऐकायला येतो काय? रात्रभर आबांनी हिशेब केला. पुना हा दोन भावांपैकी एक, दुसरा आबांचा पणजोबा. म्हणजे निम्मी जमीन पुनाची. ती गेली कुठे? ती काही आबांच्या घरात मिळाली आणि काही, त्या वेळच्या पंचांनी खुनाचे परिमार्जन म्हणून, नवल नानांच्या घरात.

सकाळी लोकांनी डोळ्यांनी पाहिले, की प्रेमराज आबा बांध ओलांडून नवल नानांच्या ओसरीवर गेले. तिथे चहा झाला. एकशे चाळीस वर्षांच्या वैरानंतरचा हा पहिला चहा, आणि त्याचे श्रेय निर्विवादपणे पुनाला जाते.

भुसावळच्या वकिलांनी दोघांनाही सांगितले, की असा हक्क आता कोणत्याही कोर्टात टिकणार नाही. शिवाय पुना कायद्याने नसला तरी धर्माने मेलेला आहे. ते असे: पुना गेल्यावर बारा वर्षे खबर नव्हती. मग भाऊबंदांनी रिवाजाप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला पुना म्हटले, तापीकाठी नेऊन जाळला, तेरावा घातला, बायकोचे कुंकू पुसले आणि वाटण्या केल्या. पानांचा पुना चांगला जळाला. हाडामासाचा पुना तेव्हा तिकडे बोहल्यावर उभा राहण्याच्या तयारीत होता.

म्हणजे हेमलताबाई या मेलेल्या माणसाला मरणोत्तर झालेल्या वंशातल्या. आणि मेलेल्या माणसाला मूल होत नाही, यावर दोन्ही घरांचे एकमत झाले. मात्र कमानीसाठी पुना अंदमानात जिवंत असणे आवश्यक होते. यावर मार्ग निघाला तो असा, की सातबाऱ्यापुरता पुना पळसाच्या पानांचा, आणि कमानीपुरता हाडामासाचा. दोन्ही पुना एकाच वेळी एका जागी येऊ नयेत, एवढी काळजी घेतली की झाले.

“तरी बी एक सही घेऊन टाकू,” नवल नाना म्हणाले. “सही झाली म्हंजे मानूस मोकळ्या मनानं प्रेम करतो.”

नवल नानांनी कमानीचा विरोध मागे घेतला. त्यांच्या पूर्वजाचे नावही कमानीवर, जरा लहान अक्षरात, ‘सहकारी’ म्हणून घालायचे ठरले. ज्याला मारले आणि ज्याने मारले ते दोघे एका ओळीत आले.

आखाजीचा दिवस उजाडला. हा आमच्याकडे दोन कारणांनी मोठा सण. या दिवशी पितर घरी जेवायला येतात आणि सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात. दोघांनाही संध्याकाळी परत जावे लागते. आबांची धाकटी बहीण लताबाई दीपनगरहून आली होती. नवरा वीज केंद्रातून निवृत्त, मुले पुण्याला. ती आली तशी पदर खोचून सणाच्या गोड सांजोऱ्या तळायला बसली.

हेमलताबाई सकाळी आल्या. ठेंगण्या, सावळ्या, पांढरी वेणी. सोबत अंदमानचा एक नारळ. अंगणात त्या थबकल्या, उंबऱ्याला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला. फोटोवाल्याने हे पुन्हा करायला सांगितले. त्यांनी पुन्हा केले.

फीत कापली गेली. मगन सरांचे भाषण झाले. त्यात पुनाने इंग्रज अधिकाऱ्याला उद्देशून काढलेले उद्गार होते, ते ऐकून गाव गहिवरले. (उद्गार सरांनी बसमध्ये लिहिले होते.) हेमलताबाई हात जोडून ऐकत होत्या. समजत काहीच नव्हते, पण ‘पुना’ हा शब्द आला की मान हलवत.

मग सगळे घरी आले. घागर भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. चुलीपुढे गोवरीचा निखारा तयार. हेमलताबाई त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. तेवढ्यात नवल नानांनी ताटाशेजारी कागद ठेवला. हक्कसोडपत्र. नोंदणी करणाऱ्यांची सोय दुपारनंतर लावलेली होती.

“हे कायचं?” लताबाईने कढईपासून विचारले.

“काही नही अक्का, रिवाज हाये,” नवल नाना म्हणाले.

हेमलताबाईंनी चष्मा लावून कागद पाहिला. मराठी त्यांना वाचता येईना. त्यांनी आबांकडे पाहिले. आबांनी घागरीकडे पाहिले. तेव्हा लताबाई उठली, पिठाचे हात पुसले आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

“दीदी, यहाँ,” ती बोट ठेवत म्हणाली, “और पीछे के पन्ने पे भी. यहाँ अंगूठा. फोटो इधर चिपकाते.”

आबांना आश्चर्य वाटले. “तुले कसं माईत?”

“वा दादा! अकरा वर्साखाले याच चुलीपुढं बसवलं व्हतं न मले,” लताबाई म्हणाली. “साडी नेसवली, सांजोऱ्या दिल्या, अन् पेन दिला.”

कढईतली एक सांजोरी करपली.

हेमलताबाईंनी दोन्ही ठिकाणी सही केली. ताबडतोब प्रेम सुरू झाले. नवल नानांनी त्यांना ‘आत्या’ म्हटले. मग आबा निखाऱ्यापुढे बसले, पोळीचा तुकडा तुपात बुडवला आणि पितरांची नावे घेत घास टाकू लागले. बाप, आजा, पणजा, त्यांच्या बायका मात्र नावाविना, अमक्याची माय, तमक्याची काकू. हेमलताबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

नावे संपली. वकिलांनी बजावले होते, की कॅमेरा चालू असताना पुना आमचा, असे तोंडाने म्हणू नका. त्यांनी शेवटचा घास उचलला आणि म्हणाले, “अन् राह्यले-साह्यले.”

“इसमें पुना आ गए?” हेमलताबाईंनी डोळे उघडून विचारले.

“आले, आले,” आबा म्हणाले. “राह्यल्या-साह्यल्यात सगळे येता.”

हेमलताबाईंनी मान हलवली. कमानीवर ते नाव दोन फुटी अक्षरांत होते. ज्या चुलीसाठी त्या समुद्र ओलांडून आल्या, तिथे नव्हते. त्या उठायला लागल्या, तोच लताबाईने सांजोरीचा तुकडा मोडला. बायकांनी घास टाकायचा रिवाज नाही. तिने टाकला.

“पुना आबा, घ्या,” ती म्हणाली. “तुमची पनती आली.”

निखाऱ्यावर तूप चरचरले. हेमलताबाई पदरात तोंड घालून रडल्या.

“लते, हे कायले?” आबा दबक्या आवाजात म्हणाले.

“त्याहिचं नाव तं कोनीतरी घेतलं,” लताबाई परत कढईकडे जात म्हणाली. “माह्यं राह्यल्या-साह्यल्यातच येईन.”

संध्याकाळी दोघी एकाच रिक्षातून सावद्याला गेल्या. कमानीवर दिवे लावलेले होते. फार शोभा आली.

मगन सरांकडे सध्या बरीच गर्दी आहे. आपल्या घराण्यातून काळ्या पाण्यावर कोणीच गेले नाही, अशी खंत करत लोक त्यांच्याकडे येतात. वाचकांपैकी कोणाला तशी खंत असेल, तर अमळनेरपर्यंत जाण्याची गरज नाही. हक्क सोडून, नाव पुसून, ओटी भरून घराबाहेर पाठवलेले माणूस आपल्याही घरात सापडेल. ती बहुधा आपली आत्या असते, नाहीतर बहीण. भाऊबीजेला येते आणि संध्याकाळी परत जाते. तिच्या सहीचा कागद आपल्याच कपाटात आहे. गुन्हा कोणता, ते मात्र मगन सरांनाही सापडणार नाही.