टिपणीस सरांची अट

टिपणीस सर आमच्याकडे चहाला आले की आधी मिक्सर उघडत, मग बसत. खिशात पेनाच्या जागी स्क्रूड्रायव्हर. "वहिनी, बंद डबा म्हणजे बघणाऱ्याचा अपमान," असं म्हणत ते स्क्रू काढत आणि मी मुकाट्याने बशी पुढे करी. माझ्या घरात स्क्रू हरवलेला मला चालत नाही.

मुलांनो, ही तुमच्या जन्माआधीची, ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सर जयपूरला आदर्श नगरात आमच्या शेजारी राहत, कॉलेजात फिजिक्स शिकवत. बायको गेलेली, मूलबाळ नाही. सूर्यात अणुकेंद्रं जुळून जी ऊर्जा निघते ती पृथ्वीवर काढायच्या संशोधनात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यातूनच त्यांनी पोळ्यांच्या डब्याएवढं एक यंत्र बनवलं. त्यात वायू इतका तापे की जांभळा उजळे. कॉलेजच्या मुलांना तो टेबलावर बघता यावा, एवढीच सरांची हौस.

ते बनवण्याचं लायसन्स मागायला दिल्लीहून एका कंपनीचे साहेब आले. बैठक माझ्या घरी, कारण सरांच्या खुर्च्यांवर यंत्रं बसलेली असत.

"डबा सीलबंद राहील," साहेब म्हणाले. "नाहीतर मुलं आत हात घालतील."

"झाकण निघालं की वीज बंद होते. मी विक्षिप्त आहे, खुनी नाही."

"आणि दुरुस्ती फक्त आमच्याकडे."

"नाही. बिघडलं की मला बोलवायचं. करारात लिहा."

साहेब हसले. सरांनी उठून त्यांना दार उघडून दिलं. माझं दार!

"अहो, आता दुसरं कोण येणार?" मी चिडले.

"न येवो. माळ्यावर ठेवीन."

पण जयपूरच्याच झोटवाड्यात ट्रान्सफॉर्मर बनवणारे मोहनजी आले. उघडणारं झाकण त्यांना मंजूर होतं. दुसरी अट ऐकून मात्र म्हणाले, "सर, आप रिटायर हो रहे हो. इस उमर में बसों के धक्के क्यों?"

"वो मैं देखूँगा. आप लिखिए."

लिहिलं. यंत्रं विकली गेली. एकदाचं बिकानेरच्या कॉलेजातून बोलावणं आलं. सर इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. दुसऱ्या दिवशी परतायचे, ते आठवडाभर आलेच नाहीत.

"एवढं काय बिघडलं होतं?" आल्या आल्या मी विचारलं.

"काही नाही. पोरांनी उघडून बघितलं आणि झाकण नीट बसवलं नव्हतं, म्हणून वीज बंद. दारातूनच दिसलं मला."

"मग सांगितलं का नाहीत?"

सरांनी मिक्सर पुढे ओढला.

"सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या बसने परत यावं लागलं असतं, वहिनी."