श्यामलाबाईंची ओळ

"आपल्या घरात, आपल्या विजेवर चालणारं यंत्र आपल्याशी इंग्रजीत बोलतं! का म्हणून?" श्यामराव परचुऱ्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. "आज त्याला मराठी शिकवतो!"

"आज नको," श्यामलाबाई म्हणाल्या. "पाचला माझा पहिला वर्ग आहे."

शाळेतून निवृत्त झाल्यावर श्यामलाबाईंनी वर्षभर खपून मोडी लिपीचा ऑनलाइन वर्ग जमवला होता. शिकवायची सगळी पानं संगणकात होती. पहिल्याच दिवशी फजिती होऊ नये म्हणून त्या जेवतानाही धडा मनात घोळवत होत्या.

श्यामराव पाटबंधारे खात्यातले. संगणकात विंडोज होतीच, पण हौस म्हणून त्यांनी शेजारी लिनक्स ही दुसरी प्रणालीही बसवली होती. त्यामुळे संगणक लावला की दोघांपैकी कोण हवं, हे विचारणारी यादी पडद्यावर येई. ती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला बूटलोडर म्हणतात आणि त्याची फाइल हातानं लिहिता येते, हे श्यामरावांना नुकतंच कळलं होतं. आता कोथरूडच्या माणसाला लिहायला जागा मिळाली, तर तो सूचना लिहिल्याशिवाय राहील का?

दुपारभर ते लिहीत बसले. 'विनाकारण बटणे दाबू नयेत.' 'घाई असल्यास काल यावे.' 'एक ते चार विश्रांती.' अशा सूचनांनी यादी भरली. संगणक खरोखर सुरू करणाऱ्या ओळी त्यांत दोनच! बाकीच्यांना काय काम द्यायचं? श्यामरावांनी ठरवलं, सूचना वाचायच्या असतात, दाबायच्या नसतात. जो दाबेल त्याचा संगणक बंद!

साडेचारला श्यामलाबाईंनी संगणक लावला. पडद्यावर ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं उमटली. क्षणभर वाट पाहून संगणक आपला आपण बंद पडला. पुन्हा लावला. पुन्हा प्रश्नचिन्हं, पुन्हा बंद.

"अहो, काय केलंत?"

"शुद्ध मराठी केलं!" श्यामराव म्हणाले, पण आवाज जरा खाली आला होता.

वरच्या मजल्यावरचा पुष्कर आयटीत होता. त्याला फोन लावून पडद्याचा फोटो पाठवला.

"काका, त्या मेन्यूला देवनागरी दाखवताच येत नाही, म्हणून क्वेश्चन मार्क येतायत. तुम्ही काही निवडलं नाहीत की तो पहिली ओळ स्वतःच चालवतो. काय आहे तिच्यात?"

"सूचना. दाबली की संगणक बंद."

"म्हणजे शटडाउन! आधी बाणाचं बटण दाबा, म्हणजे तो थांबेल. मग विंडोजची ओळ निवडा. कितवी आहे?"

"आठवत नाही रे. सूचना सुचतील तशा मध्ये घालत गेलो."

"जुन्या फाइलची कॉपी ठेवलीय ना?"

"ठेवलीय तर! त्याच संगणकात."

पुष्करची मीटिंग सुरू झाली होती, निदान तसं त्यानं सांगितलं.

पाचला दहा कमी. श्यामलाबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते पाहून श्यामरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मोबाईलवरून घेतेस का वर्ग?"

"पानं कुठून दाखवू? तुमच्या कपाळावरून?" बाईंनी डोळे पुसले आणि संगणक लावून बाण दाबला. यादी थांबली. "माझ्या विंडोजच्या ओळीला नाव काय दिलंत?"

"तुझंच दिलंय. मानानं!"

म्हणजे पूर्ण नाव, आडनाव, आदरार्थी बहुवचन! बाईंनी सगळ्यांत लांब ओळ निवडली. संगणक बंद.

"ती माझी," श्यामराव पुटपुटले. "'सदर यादी श्री. श्यामराव विष्णुपंत परचुरे यांनी स्वहस्ते लिहिली असून तीत कोणीही फेरफार करू नये.'"

बाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारातलं सगळं त्यांना एकदम आठवलं असावं. त्यांनी पुन्हा संगणक लावला आणि यादीतली सगळ्यांत छोटी ओळ शोधली. कोपऱ्यात जेमतेम एक-दोन प्रश्नचिन्हं आणि पुढे एक टिंब.

"'सौ.'," त्या म्हणाल्या. "एवढंच ना?"

श्यामरावांनी मान खाली घातली. बाईंनी ओळ दाबली आणि विंडोज सुरू झाली.

पाचच्या ठोक्याला वर्ग भरला. पहिलाच प्रश्न वारज्याच्या तनुजानं विचारला, "मॅडम, मोडी वाचायला फार अवघड असते का हो?"

"छे!" श्यामलाबाई म्हणाल्या. "लिहिणारा माणूस माहीत असला की झालं. मी आत्ताच नुसती प्रश्नचिन्हं वाचून आले आहे."