रंभीचे चांगले रक्त

बाळांनो, देवापुढे हात जोडून झाले असतील, तर जवळ बसा.

एका जंगलात दलदलीच्या काठी सशांची बिळे होती. बिळे ओली, आणि एकेका बिळात बारा-बारा जीव. थंडी आली की पिलांचे घसे सुजत. काहींचे पुढे सांधे धरत, आणि त्यांतल्या काहींच्या काळजाच्या झडपा कायमच्या बिघडत.

साळूवैद्य नावाचे साळिंदर तिथे राही. त्याचे सांगणे एकच. "घसा दुखला की लगेच या. औषधाचा काटा टोचून घ्या. आणि बिळे कोरडी करा."

हे इतके सोपे होते, की कोणाला पटत नसे. नामस्मरणाचेही तसेच आहे. पण ते असो.

एकदा बगळेशास्त्र्यांनी डासाला हाताशी धरले. रक्ताची पारख डासाहून कोणाला? त्याने वस्तीतले एकेक रक्त चाखले. मग शास्त्री दरबारात एका पायावर उभे राहिले.

"महाराज, काळीज बिघडलेल्यांत ए रक्तगटाचे थोडे अधिक दिसतात, ओ गटाचे थोडे कमी. संबंध कदाचित असावा. अजून पाहावे लागेल."

सिंहाला 'कदाचित' हा शब्द आवडत नसे. प्रधान कोल्ह्याने तो गाळला आणि दवंडी पिटवली. ओ गटाच्यांनी कानात दुर्वांची जुडी खोवावी, ए गटाच्यांनी पळसाचे वाळके पान. दोष रक्ताचाच आहे, तेव्हा बिळे कोरडी करण्याची गरज नाही.

सर्व जीव एक, असे संत सांगून गेले. त्यांच्यापाशी डास नव्हता.

गोजरा सशिणीची एकुलती लेक रंभी ओ गटाची निघाली. गोजराने तिच्या कानात दुर्वा खोवल्या आणि तिला वस्तीभर मिरवले.

कार्तिकात रंभी म्हणाली, "आई, घास गिळवत नाही गं."

गोजरा वैद्याकडे निघाली, तोच शेजारीण म्हणाली, "साळूदादांकडे आम्ही जावं बाई, पळसाच्या पानवाल्यांनी. तुमचं रक्त कसं, खानदानी."

गोजरा माघारी फिरली. "मऊ पाला खा," ती लेकीला म्हणाली. "तुला काही व्हायचं नाही."

तीन आठवड्यांनी रंभीचे गुडघे सुजले. मग बांध चढतानाही तिला धाप लागू लागली. गोजरा तिला पाठीवर घेऊन दरबारात गेली.

कोल्ह्याने दुर्वांकडे पाहिले. "ओ गटाला हे होणे शक्य नाही. डास चुकला असावा." त्याने दुर्वा काढल्या आणि पळसाचे पान खोवले. "आता सारे शास्त्राप्रमाणे झाले."

"मी कदाचित म्हणालो होतो," बगळेशास्त्री पुटपुटले. इतक्यात दरबारालगतच्या तळ्यात मासा हलला, आणि त्यांना तिकडे पाहावे लागले.

गोजरा साळूवैद्याच्या दारी आली. त्याने रंभीच्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढला नाही.

"झडप बिघडली आहे. आता दर एकविसाव्या दिवशी काटा, तोही वर्षानुवर्षे. एकही चुकवायचा नाही. गोजरा, घसा दुखला तेव्हाच का नाही आणलीस हिला?"

गोजरा म्हणाली,

"तेव्हा आमचं रक्त चांगलं होतं, साळूदादा."

तात्पर्य : घसा दुखल्यास प्रथम आपला रक्तगट पाहावा. तो उत्तम असल्यास आजाराला तसे नम्रपणे कळवावे. आजाराने ऐकले नाही, तर रक्तगट बदलून घ्यावा. दरबार नेहमी उघडा असतो.