चुकून सगळ्यांना

औषधांच्या गोदामातल्या स्टोअरकीपर बाईंनी जेवणाच्या सुट्टीत आपल्या ताईला एक मेसेज लिहिला, आणि तो ताईला सोडून बाकी सगळ्यांना गेला.

साठ्याचं गणित शिकवणारा फुकटचा ऑनलाइन कोर्स जो पुरा करील, त्याला नवं गोदाम सांभाळायला मिळणार, असं मॅनेजर म्हणाले होते. "मीसुद्धा करतोय," हेही वर. बाईंनी हौसेनं नाव घातलं. पण व्हिडिओतल्या सरांना अडवून विचारायची सोय नव्हती. पुन्हा पुन्हा लावला तरी ते तेच, तेवढ्याच वेगानं बोलत.

बाईंनी लिहिलं होतं, "ताई, पहिल्याच धड्यात अडकलेय गं. मॅनेजरला मात्र सांगितलंय की शेवटचा चालू आहे. त्याला तरी काय ढेकळं कळतंय!"

पण फोनवर उघडं होतं ते कोर्सच्या चर्चेचं पान; तिथे हजारो विद्यार्थ्यांसमोर ते झळकलं. पुसायचं बटण सापडेना. घाबरून बाईंनी खाली लिहिलं, "वरचं कोणी वाचू नका." मग ते सगळ्यांनीच वाचलं.

"आता गं काय होणार माझं?" ताईला फोन लावून त्या रडकुंडीला आल्या.

"त्यावर दुसरं काहीतरी लिहीत राहा. खाली जाईल ते," ताई म्हणाली.

बाईंनी धडाधड प्रश्न टाकले. सरासरी म्हणजे काय? जास्तीचा साठा किती ठेवायचा? पण लोक भलतेच प्रेमळ निघाले. कुठल्याशा परक्या गावच्या नर्सनं सलाइनच्या बाटल्यांवरून सरासरी समजावली, एका बेकरीवाल्यानं पावांवरून साठा. बाईंना पहिला धडा कळला, पाठोपाठ दुसराही. पण मॅनेजर केबिनमधून बाहेर डोकावले, की त्या खोक्यांआड जात.

अखेर बोलावणं आलंच.

"बसा," मॅनेजर म्हणाले. "तर, त्या कोर्सचं—"

"चुकलं साहेब! ताईला लिहीत होते हो! मी शेवटच्या धड्यावर नाहीये. आणि ते ढेकळं... रागाच्या भरात लिहून गेले!"

मॅनेजरांच्या भुवया वर गेल्या. "कसली ढेकळं? मी तर तुमचं नाव नव्या गोदामासाठी पाठवू का, एवढंच विचारणार होतो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. मॅनेजर कानापर्यंत लाल झाले.

"आणि हे सगळ्यांनी वाचलं?"

"हो साहेब. मला वाटलं, तुम्हीही..."

"मी कुठे आहे त्यात!" मॅनेजरांच्या तोंडातून निसटलं.

बाहेर कोणीतरी खोकी सरकवत होतं. मॅनेजर उठले, दार लोटून घेतलं आणि खुर्ची बाईंच्या जवळ ओढली.

"तुमच्या नावाचं बघू मग," ते हळूच म्हणाले. "आधी मला सांगा, त्यात नाव कुठून घालतात?"